पत्र्यावरचे दगड

पावसाळ्यात दर शनिवारी-रविवारी अर्धं पुणे नाणेघाटात असतं. कशाला, तर उलटा धबधबा बघायला. कड्यावरून खाली पडणारं पाणी वारा मधेच पकडतो आणि परत वर फेकतो. लोक छत्र्या उलट्या करून घेतात, भिजतात, व्हिडिओ काढतात, "निसर्गाचा चमत्कार" असं लिहून टाकतात आणि जुन्नरला मिसळ खाऊन घरी जातात. मीही गेलोय. माझ्याही फोनमध्ये तो व्हिडिओ आहे.

पण मंडळी, त्याच रस्त्याने जाता-येता कधी खिडकीतून घरांच्या छपरांकडे बघितलंय? घाटघरपासून आपटाळ्यापर्यंत, तिकडे आंबेगावात आहुप्यापासून डिंभ्यापर्यंत. पत्र्याचं छप्पर आणि त्यावर ओळीने मांडलेले दगड. कुठे सिमेंटच्या विटा, कुठे जुनं टायर, कुठे मोडका पाटा. जो वारा पाण्याला वर फेकतो तो पत्र्याला काय सोडणार आहे? हे त्या घरातल्या माणसाला माहीत आहे, म्हणून त्याने दगड ठेवलेत. चमत्कार बघायला आलेल्या आपल्याला मात्र ते दगड दिसत नाहीत.

आजचा लेख त्या दगडांबद्दल आहे. आधीच सांगतो, लेख भांडखोर आहे.

सुरुवात बर्फापासून करतो. आमच्या टीममधला एक मराठी मित्र टोरांटोला असतो. गेल्या हिवाळ्यात त्याने एक व्हिडिओ पाठवला. शेजाऱ्याच्या घराचं छप्पर धातूच्या पत्र्याचं. त्यावर आठवडाभर साठलेला बर्फ ऊन पडल्यावर एकदम, अख्खा थर, सर्रकन घसरून खाली आला. धप्प! खाली कुणी असतं तर संपलंच. मग त्याने त्याच्या स्वतःच्या छपराचा फोटो पाठवला. दाराच्या वर, पत्र्याला आडव्या पट्ट्या घट्ट बसवलेल्या. बर्फ अडवून धरायला. तो म्हणाला, "अरे, इकडे पत्रा टाकायचा म्हणजे बर्फाचं वजन किती येणार आणि घसरला तर कुठे पडणार, हे आधी बघतात. मग पत्रा."

मी त्याला गंमतीत म्हणालो, आमच्याकडे बर्फ पडत नाही, आम्ही सुखी. रात्री झोपताना लक्षात आलं की हे साफ खोटं आहे. आमच्या छपरावरही तेवढंच वजन येतं. फक्त उलटं येतं.

कसं ते सांगतो. भारतीय मानक ब्युरोचं ८७५ क्रमांकाचं मानक आहे, इमारतींवर येणाऱ्या भारांचं. त्याचा चौथा भाग बर्फाच्या भाराचा आणि तिसरा भाग वाऱ्याचा. वाऱ्याच्या भागात शहरांची यादी आहे. पुण्यासमोर आकडा आहे सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी साधारण १४० किलोमीटर. याचा अर्थ रोज एवढा वारा सुटतो असा नाही. अर्थ असा की पुण्यात काही बांधणार असाल तर एवढा झोत कधीतरी येईल असं धरून बांधा. आणि कड्याच्या काठावर, डोंगराच्या माथ्यावर बांधणार असाल तर वेग आणखी वाढवून धरा, जास्तीत जास्त १.३६ पट. नाणेघाटातला तो चमत्कार म्हणजे दुसरं काही नाही, या गुणकाचं प्रात्यक्षिक आहे!

आता ३९ चा वर्ग करा, त्याला ०.६ ने गुणा. दर चौरस मीटरला सुमारे ९१० न्यूटन. किलोत सांगायचं तर ९३. टोरांटोच्या छपरावर फूटभर दबलेला बर्फ साठला तर त्याचं वजनही साधारण एवढंच भरेल, साठ ते नव्वद किलो. फरक एवढाच की बर्फ वरून बसतो आणि वारा वरून ओढतो. छपरावरून वेगाने जाणारी हवा वर खेच निर्माण करते आणि उघड्या दारातून, ओसरीतून आत घुसलेली हवा खालून ढकलते. दोन्ही मिळून पत्रा उचलतात. बर्फाच्या गावात छप्पर खाली कोसळतं, आमच्या गावात ते वर जातं.

हे मला कॉलेजात शिकवलं होतं. चार वर्षं मेकॅनिकल केलंय, बर्नोलीचं समीकरण पाठ होतं, फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात विमानाच्या पंखाची आकृती काढून चांगले मार्क मिळवले होते. आमच्या घरावर पत्रा होता. तो पंख आहे हे चार वर्षांत एकदाही डोक्यात आलं नाही. कुणी आणूनही दिलं नाही.

डोक्यात आलं ते ३ जून २०२० नंतर, आणि तेही उशिरा.

निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि ईशान्येकडे सरकत पुणे जिल्ह्यातून गेलं. लॉकडाऊन होता. मी नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं आणि लॅपटॉप घेऊन गावी, आंबेगावच्या पश्चिम भागात, चुलत्यांच्या घरी बसलो होतो. (रेंज फक्त गोठ्याच्या कोपऱ्यात यायची, म्हणून मी गोठ्यात. माझं नशीब.) दुपारनंतर वारा वाढत गेला. आधी पत्रा नुसता थडथडत होता. मग एका कोपऱ्याने, वळचणीकडच्या, उचल घेतली. एकदा कोपरा उचलला की पुढचं अर्ध्या मिनिटाचं काम असतं. पत्रा गेला तो तिसऱ्या शेतात विजेच्या खांबाला गुंडाळलेला सापडला. वरचे दगड मात्र एवढ्या लांब जात नाहीत. ते तिथेच खाली पडतात. त्यातला एक तात्यांच्या खांद्यावर पडला. हाड मोडलं. लॉकडाऊनमधे गाडी मिळवून दवाखाना गाठेपर्यंत रात्र झाली. आज इतक्या वर्षांनीही त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. भाताची लावणी होते, पण पेंढा रचायला दुसरा माणूस लागतो.

त्या आठवड्यात जो तो एकच वाक्य बोलत होता. "आरं, वादळच तसं होतं. निसर्गापुढं कुणाचं चालतंय?" वादळाचं नावच निसर्ग ठेवल्यामुळे हे वाक्य आणखी शोभायचं.

माझं भांडण या वाक्याशी आहे.

हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे निसर्ग किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता, झोत १२० पर्यंत. ते समुद्राच्या काठावर. सह्याद्री ओलांडून आमच्याकडे येईपर्यंत त्याचा जोर कमी होत गेला. आणि मानकात पुण्यासाठी धरलेला आकडा आहे १४०. म्हणजे जे "कधी नव्हे ते" वादळ आलं, ते पुस्तकात आधीच लिहून ठेवलेल्या आकड्याच्या आत होतं! निसर्गाने करार मोडला नव्हता. आपण करार वाचलाच नव्हता.

आता दगडांचा हिशोब. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद, अर्धा मिलिमीटर जाडीचा एक पत्रा घ्या. क्षेत्रफळ सव्वातीन चौरस मीटर, वजन साधारण पंधरा किलो. वाऱ्याचा जेवढा दाब तेवढीच वरची ओढ, असं सोपं गणित धरू. ताशी ३० किलोमीटरला ओढ १४ किलो. ६० ला ५५ किलो. १०० ला दीडशे किलो. १४० ला तीनशे किलो. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, त्यामुळे आकडे असे उड्या मारत जातात.

म्हणजे नुसता ठेवलेला पत्रा तीस किलोमीटरच्या वाऱ्यातच हलायला लागतो. त्यावर दहा-दहा किलोचे चार दगड ठेवा. एकूण पंचावन्न किलो. तो साठ किलोमीटरपर्यंत टिकेल. बघा, दगड ठेवणारा माणूस मूर्ख नाही. चार दगडांत त्याने छपराची ताकद वाऱ्याच्या वेगात दुप्पट केली. फुकटात. आमच्या आजीने कुठलंही समीकरण न मांडता हे केलं होतं. पण साठच्या पुढे काय? साधा वळवाचा पाऊस घ्या. एप्रिल-मेच्या दुपारी ढग भरून येतात, आधी धुळीची भिंत येते, आणि तेवढ्या दहा मिनिटांत वारा साठ सहज ओलांडतो. त्याला चक्रीवादळ लागत नाही. शंभरला टिकायचं तर त्याच पत्र्यावर तेरा-चौदा दगड लागतील. तेवढे ठेवले तर वासाच मोडेल. आणि ज्या क्षणी पत्रा उचलतो त्या क्षणी राखण करणारा दगड माणसाच्या डोक्यावर टांगलेला दगड होतो. तात्यांना विचारा.

तोच दीडशे किलोचा भार आठ जे-हुक बोल्टांवर वाटला तर एका बोल्टवर जेमतेम एकोणीस किलो येतात. चार-पाच वर्षांचं पोर कडेवर घेतल्याएवढं. आठ मिलिमीटरच्या लोखंडी बोल्टाला हे काहीच नाही. १४० च्या वाऱ्यातही एका बोल्टवर चाळीसच्या आत. कडेच्या आणि कोपऱ्याच्या पत्र्यांवर ओढ दुप्पट धरा, तिथे बोल्टही जवळ जवळ मारा. इतकं सोपं आहे हे.

मग होत का नाही?

आमच्या उडालेल्या छपराचे अवशेष मी नंतर नीट बघितले. एका पत्र्याला तीन-चारच बोल्ट. खाली मोठा वायसर नाही, त्यामुळे भोकाशी पत्रा कागदासारखा फाटलेला. काही ठिकाणी बोल्ट शाबूत, पण ज्या लाकडी आडव्या दांडीला तो होता ती दांडीच गेलेली, कारण ती भिंतीवर नुसती टेकवलेली होती. भिंतीत पट्टी नाही, तार नाही, काही नाही. मंडळी, ही साखळी आहे. पत्रा बोल्टला, बोल्ट दांडीला, दांडी भिंतीला, भिंत पायाला. एक कडी नसेल तर बाकीच्या असून नसल्यासारख्या. आमच्या धंद्यात एक सर्व्हर पडला तर अख्खी साइट झोपते आणि रात्री दोन वाजता फोन येतात. इथे फोन कुणाला करणार?

पत्रे बसवून देणाऱ्या कारागिराला मी विचारलं होतं. माणूस चांगला, हात साफ. तो म्हणाला, "शेट, सगळीकडं असंच मारतो. वरून दगड ठेवा, काय होत न्हाय." त्याला दोष देऊन काय उपयोग? त्याने वेल्डिंग एका शेडवर दुसऱ्याचं बघून शिकलेलं. मानकाचं पुस्तक त्याच्यापर्यंत कुणी नेलं? ते इंग्रजीत आहे. कमी उंचीची घरं वादळात टिकावीत म्हणून काय करायचं याचंही एक वेगळं मानक आहे, क्रमांक १५४९८, २००४ सालचं. नारायणगाव किंवा मंचरच्या पत्र्याच्या दुकानात त्याचं मराठीतलं एक पान जरी चिकटवलेलं दिसलं तर मला कळवा. मी पार्टी देईन.

आता तीन प्रकारच्या लोकांना उत्तरं द्यायची आहेत.

पहिले, कौलप्रेमी. व्हॉट्सअॅपवर दर पावसाळ्यात येतात. "पूर्वी आपली कौलारू घरं किती शहाणपणाची होती, पत्र्याने वाटोळं केलं." यात अर्धं खरं आहे. मंगलोरी कौलाचं छप्पर चौरस मीटरला पस्तीस-चाळीस किलो भरतं, पत्रा चार-पाच किलो. कौलांच्या फटीतून हवा जाते-येते, त्यामुळे आतला दाब साठत नाही. छपराला उतार चांगला असतो. आणि उडालंच तर एकेक कौल उडतं, अख्खं पाखं नाही. सगळं मान्य. पण दरवर्षी मे महिन्यात कौलं चाळायला वर कोण चढायचं? वानरांनी फोडलेली कौलं कोण बदलायचं? सागाचे वासे आज कुठल्या भावाने मिळतात? त्याआधी गवताचं छप्पर होतं, ते दर वर्षी-दोन वर्षांनी शाकारायला लागायचं, आणि एक ठिणगी पडली की घर संपलं. पत्रा आल्यावर आमच्या आजीच्या आयुष्यातली घरभर भांडी मांडायची रात्र संपली. तिला जाऊन सांगा कौलांचं सौंदर्य. पत्रा ही चूक नाही. पत्रा कौलासारखा नुसता ठेवला, ही चूक आहे. कौल स्वतःच्या वजनाने बसून राहायचं, म्हणून बांधायची सवयच आपल्या हाताला नव्हती. वस्तू बदलली, सवय तीच राहिली.

दुसरे, "गरिबाला परवडत नाही" वाले. मागच्या दिवाळीत तात्यांच्या घराला मी स्वतः वर चढून जास्तीचे बोल्ट मारले, मोठे वायसर घातले आणि दांड्यांना भिंतीत पट्ट्या ठोकून घेतल्या. एका कारागिराची दोन दिवसांची मजुरी धरून सगळा खर्च छपराच्या किमतीच्या वीसाव्या भागाच्याही खाली आला. २०२० ला जे गेलं ते अख्खं छप्पर, भिजलेलं धान्य, टीव्ही, आणि तात्यांचा खांदा. काय परवडत नाही ते तुम्हीच सांगा. गरिबाला छप्पर एकदा बांधणं परवडतं. दोनदा बांधणं त्याला मारतं.

तिसरे, भरपाईवर समाधान मानणारे. निसर्गच्या वेळी सरकारने हात आखडता घेतला नव्हता, हे कबूल करायला हवं. केंद्राच्या निकषात पूर्ण पडलेल्या घराला तेव्हा ९५ हजार १०० रुपये होते, राज्याने ते दीड लाख केले. आमच्याकडेही पंचनाम्याला माणूस आला, फोटो काढले, किती टक्के नुकसान ते लिहून गेला. पैसे उशिरा का होईना आले. पण पत्रा कशाला बांधला होता, हे त्याने विचारलं नाही. पैसे देताना "या वेळी असा बांधा" हे कुणी सांगितलं नाही. त्यामुळे गावात काय झालं? नवे पत्रे आले, तोच कारागीर आला, तेच तीन-चार बोल्ट, आणि शेतातून तेच दगड उचलून परत वर. तात्यांच्या खांद्यावर पडलेला दगडसुद्धा! मी डोळ्यांनी पाहिलं आणि गप्प बसलो, कारण सोमवारी माझा रिलीज होता. या लेखातली सगळ्यात लाजिरवाणी ओळ ही आहे, म्हणून ती लपवत नाही.

मग काय करायला हवं? माझ्या मागण्या फार नाहीत.

भरपाईच्या कागदासोबत एक पान द्या, मराठीत, चित्रांसकट. एका पत्र्याला किती बोल्ट, कडेला किती, वायसर केवढा, बोल्ट पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा (खोलगट भागात मारला तर गळतं), दांडी भिंतीला कशी जखडायची, वळचण भिंतीच्या बाहेर दीड फुटापेक्षा जास्त काढायची नाही, वादळात वाऱ्याकडचं दार बंद ठेवायचं. एका पानात मावतं. आयटीआयच्या वेल्डरच्या पोरांना हे दोन तासांत शिकवता येतं. दर वर्षी एप्रिलमधे, वळवाच्या आधी, ग्रामपंचायतीने शाळा, अंगणवाडी आणि समाजमंदिराचे बोल्ट मोजून घ्यावेत. शाळेपासून सुरू करा, कारण तिथे पत्र्याखाली एका वेळी चाळीस पोरं असतात.

आणि चौथी मागणी माझ्यासारख्यांकडे आहे. जुन्नर-आंबेगावातून दर वर्षी किती पोरं इंजिनियर होतात? हिंजवडीच्या बसमधे चढलात तर ओतूर, आळेफाटा, घोडेगाव, मंचर सगळे तालुक्याचे भेटतात. आपल्याला लांबच्या देशातल्या बँकेचा व्यवहार सेकंदाच्या हजाराव्या भागात बिघडला तर तो कुठे बिघडला हे शोधता येतं. त्याचे पगार मिळतात. आणि आपली आई ज्या छपराखाली झोपते ते किती वाऱ्याला उडेल हे आपण कधी काढलेलं नाही. गणित नववीच्या पोराला जमेल असं आहे. वर दिलंय, उतरवून घ्या. या सुट्टीत गावी गेलात की शिडी लावा, वर चढा आणि बोल्ट मोजा. एका पत्र्याला आठ नसतील तर पाना आणि डबा घेऊन तयारीनेच जा.

तात्यांना मी बोल्ट मारत होतो तेव्हा ते खाली उभे राहून एका हाताने वायसर देत होते. काम झालं, मी वरचे दगड खाली टाकायला लागलो. ते म्हणाले, "राहूदे रे दोन-चार. बरं वाटतं." मी म्हणालो, "नाही तात्या. हे आता खालीच." थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यातला एक पायाने सरकवत गोठ्याच्या दारापाशी नेला, पाय धुवायला.

असो. या वर्षी वळीव दोनदा येऊन गेला. पत्रा वाजला, उडाला नाही.